मेणवलीचा घाट आणि हातांच्या ओळखीचा कॅमेरा

वाईला जायचे तर थंडीचे दिवस निवडावेत. पावसाळ्यातला गढूळ लोंढा ओसरून कृष्णेचे पाणी तोवर निवळलेले असते, पायऱ्यांवरचे शेवाळ बरेचसे वाळलेले असते आणि सकाळचे ऊन वयस्कर माणसांच्या पाठीला सुखावणारे असते. पुण्याहून हे अंतर सुमारे ९० किलोमीटर. सुरूर फाट्याला महामार्ग सोडला की गर्दी मागे पडते आणि डोंगरांच्या कुशीतले ते जुने गाव थोड्याच वेळात समोर येते.

वाईची ओळख तिच्या घाटांमुळे. गणपती घाटावरचे ढोल्या गणपतीचे देऊळ सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले. देवळाची मागची भिंत माशाच्या आकारासारखी निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोट त्या टोकावर दुभंगावा आणि दोन्ही अंगांनी निघून जावा, अशी ती योजना. आतली मूर्ती भव्य, काळ्या पाषाणाची. गाभाऱ्यात कॅमेरा पिशवीत ठेवावा आणि हात जोडावेत. बाहेर घाटावर मात्र डोळ्यांना आणि कॅमेऱ्याला मुबलक खाद्य आहे.

माझे यजमान चित्रकलेचे शिक्षक होते. आज त्यांचे वय ७७ आहे आणि दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे निदान केले. सकाळी काय खाल्ले, हे त्यांना दुपारी आठवत नाही. ओळखीच्या माणसांची नावे ओठांवर येऊन थांबतात. या आजारात माणूस हळूहळू घराबाहेर पडेनासा होतो, कारण बाहेर प्रत्येक जण काही ना काही विचारतो आणि उत्तर न सापडण्याची लाज वाटते. त्यांचेही तसेच होऊ लागले होते.

मुलाने त्यांना नवा मोबाइल दिला. त्याचा कॅमेरा उत्तम होता. परंतु काचेवर बोट जरा इकडेतिकडे लागले की चित्र नाहीसे होई, मध्येच कुणाचा तरी फोन येई आणि त्या गोंधळात फोटो राहून जाई. मग कपाटातून त्यांचा जुना कॅमेरा निघाला. निवृत्तीच्या वर्षी, २००७ साली घेतलेला, सात मेगापिक्सेलचा कॅनन पॉवरशॉट. त्यात दोन पेन्सिल सेल घातले. भिंग पुढे सरकल्याचा तो परिचित आवाज झाला, आणि यजमानांनी काही न विचारता वरची चकती फिरवली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण अर्धे दाबून थांबले.

यात चमत्कार काही नाही. काल काय घडले याची आठवण आणि वर्षानुवर्षे केलेल्या कृतीची आठवण मेंदूत निरनिराळ्या व्यवस्थांकडे असते. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या काळात पहिली आठवण लवकर ढासळते, दुसरी पुष्कळदा बराच काळ टिकून राहते. म्हणूनच अशी माणसे पोळी लाटतात, पेटीवर जुने गाणे वाजवतात, शर्टाची बटणे लावतात. नवे यंत्र शिकावे लागते. जुने यंत्र हातांना आधीच येत असते. जुना डिजिटल कॅमेरा आमच्या उपयोगी पडला तो एवढ्याच कारणाने, की तो त्यांच्या हातांच्या ओळखीचा होता.

गेल्या डिसेंबरात आम्ही वाईहून तीन किलोमीटरवरच्या मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा तिथे आहे. वाडा खासगी मालकीचा असल्याने आत जाण्यापूर्वी विचारून घ्यावे. जाड भिंती, लाकडी खांब, चौकात उतरणारे ऊन असे सगळे सावकाश पाहण्यासारखे आहे. वाड्यामागून पायऱ्या उतरत घाटावर जातात. चंद्रकोरीसारखा वळलेला तो घाट आणि त्यावरची मेणवलेश्वराची व विष्णूची देवळे ‘स्वदेस’ या २००४ सालच्या चित्रपटात अनेकांनी पाहिली असतील.

घाटावरच एका लहानशा देवळीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हा आकडा आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसईचा किल्ला घेतला, तेव्हा पोर्तुगीजांकडून मिळालेल्या घंटांपैकी ही एक, असे सांगितले जाते. चर्चमधली घंटा कृष्णेच्या काठी येऊन तीनशे वर्षांच्या जुनेपणाने शांत लटकते आहे, हे दृश्य कुणालाही थांबवणारे. यजमानांनी मला तीनदा विचारले, “हा वाडा कुणाचा?” मी तीनदा सांगितले. पण घंटेपाशी त्यांनी काहीच विचारले नाही. खांबाला पाठ टेकली, कोपरे बरगड्यांशी धरली आणि उन्हाचा कवडसा आकृतीवर सरकेपर्यंत ते थांबून राहिले. दहा मिनिटांत एकच फोटो. चित्रकलेच्या वर्गात मुलांना ते हेच सांगत असत : आधी उजेड कुठून येतो ते पाहा.

अशा सहलीला जाणाऱ्या कुटुंबांनी काही पथ्ये अवश्य पाळावीत. पहिले पथ्य पायांचे. घाटाच्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या असतात. गुडघ्यांवर चढण्यापेक्षा उतरताना अधिक भार येतो. चालताना फोटो काढू नये आणि फोटो काढताना चालू नये, हा आमच्या घरचा नियम आहे. पाण्यालगतच्या ओल्या पायरीपर्यंत उतरण्याची गरज नाही. वरच्या कट्ट्यावर बसूनही नदीचे वळण छान दिसते. कॅमेऱ्याची दोरी मनगटात असावी, म्हणजे तो सावरण्यासाठी तोल जात नाही.

दुसरे पथ्य वेळेचे. स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांचा गोंधळ दिवस कलू लागला की वाढतो. म्हणून सकाळी लवकर निघावे, दोनच ठिकाणे पाहावीत आणि उन्हे उतरण्यापूर्वी घरी परतावे. सोबत पाणी, नेहमीची औषधे आणि ओळखीचा खाऊ घ्यावा. रुग्णाच्या खिशात नाव व घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. जत्रा, उत्सव किंवा सुट्टीची गर्दी टाळावी.

हात थरथरत असतील तर जुन्या कॅमेऱ्याची डोळ्याला लावायची खिडकी फार उपकारक ठरते. कॅमेरा कपाळाला टेकतो, कोपरे अंगाशी येतात आणि हाताला आपोआप आधार मिळतो. कॅमेरा कट्ट्यावर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावला, तर बटण दाबतानाचा हलकेपणाही चित्रात उतरत नाही. हे कॅमेरे अंधारात दुबळे असतात, उन्हात मात्र मनापासून काम करतात. वृद्धांचेही दिनमान तसेच असल्याने दोघांचे जमते. फोटो फार मोठे करायचे नसतील तर मेगापिक्सेल कमी असण्याची खंत बाळगू नये. सात मेगापिक्सेलच्या फोटोची आठ बाय दहा इंचांची प्रत स्वच्छ निघते.

घरातला जुना कॅमेरा बाहेर काढताना सेलच्या खाचेत पांढरट किंवा हिरवट थर नाही ना, हे पाहावे. राहून गेलेले सेल पाझरतात आणि पत्रे खातात. वापर झाला की सेल काढून ठेवावेत. पुन्हा भारित होणारे सेल दीर्घकाळ स्वस्त पडतात. फार जुन्या कॅमेऱ्यांना २ जीबीपेक्षा मोठे कार्ड वाचता येत नाही, ते तपासून घ्यावे. कोकणपट्टीत आणि पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, म्हणून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. सेल बराच काळ काढलेले असतील तर आतले घड्याळ मागे पडते. तारीख नव्याने लावावी.

ही तारीख आमच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. अनेक जुन्या कॅमेऱ्यांत फोटोच्या कोपऱ्यात तारीख उमटवण्याची सोय असते. आम्ही फोटोंच्या पोस्टकार्डाएवढ्या प्रती काढून घेतो आणि वहीत चिकटवतो. शेजारी ठळक अक्षरांत गावाचे नाव लिहितो. वही जेवणाच्या टेबलावर असते. ती परीक्षेची वही नव्हे. “हे कुठले, ओळखा पाहू” असे घरात कुणीही विचारू नये, असे मी मुलांना व नातवंडांना बजावले आहे. “घंटेवर ऊन किती सुरेख पडले आहे,” असे म्हणावे. मग कधी ते वसईबद्दल बोलतात, कधी उजेडाबद्दल, कधी नुसते पाहत राहतात. तिन्ही चालते.

कॅमेऱ्याने आजार थांबत नाही, हे मला ठाऊक आहे. औषधे, डॉक्टरांच्या भेटी, रात्रीची जागरणे सारे सुरूच आहे. मेणवलीहून परतताना गाडीत त्यांनी विचारले, “आपण कुठे गेलो होतो?” मी कॅमेरा त्यांच्या हाती दिला. त्यांनी स्वतःच मागचे बटण दाबून फोटो एकामागून एक पाहिले आणि म्हणाले, “हे मी काढले आहेत.” कुठे, ते त्यांना आठवले नाही. पण काढणारा हात आपला आहे, याची खूण त्यांना पटली. शुश्रूषा करणाऱ्या माणसाला एका दिवसाकडून याहून अधिक मागता येत नाही.

पुढचा बेत धोमचा आहे. तिथे नृसिंहाच्या देवळाच्या आवारातल्या कुंडात दगडी कासवाच्या पाठीवर नंदी बसलेला आहे. कुंड भरले की तो पाण्यावर तरंगल्यासारखा दिसतो. पुढच्या हिवाळ्यात हातांना काय काय ओळखू येईल, हे कुणी सांगावे? म्हणून आम्ही याच पंधरवड्यात जाणार आहोत.