अर्स्कची आजी

रशियातल्या कझानहून अर्स्कला जाणारी लोकल सकाळी अंधारातच सुटते. जानेवारीचे दिवस, बाहेर उणे वीस. डब्याच्या काचेवर आतून बर्फ धरलेला. नखाने खरवडलं की तेवढ्यापुरती बर्चची झाडं आणि पांढरं माळरान दिसायचं. अंतर पासष्टेक किलोमीटर. मी कझानला डॉक्टरकी शिकते; अर्स्कच्या रुग्णालयात पेशंट बघायला जायचं होतं, म्हणून सगळी वाट मांडीवरची वही घोकत होते. वहीत देवनागरीत लिहिलेली रशियन वाक्यं: ‘ना श्तो झालुयेत्येस?’, काय त्रास होतो. ‘ग्द्ये बलीत?’, कुठे दुखतं. ‘दिशीत्ये’, श्वास घ्या. लातूरला नीटसाठी केलं होतं तसंच पाठांतर.

आपल्या वैद्यकीय आयोगाच्या २०२१च्या नियमाप्रमाणे परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचाच लागतो. त्यामुळे वर्गात इंग्रजी, होस्टेलवर मराठी-हिंदी. रशियन लागते ती थेट खाटेजवळ. आणि अर्स्क तर तातारी मुलूख. तातारी कवी गाब्दुल्ला तुकाय यांचा जन्म १८८६ साली याच तालुक्यातला. तातारस्तानात रशियनसोबत तातारी हीसुद्धा राज्यभाषा आहे, हे मी वाचलेलं होतं. त्याचा अर्थ कळला तो वॉर्डात.

बुटांवर निळ्या पिशव्या चढवून आत गेले. खिडकीजवळच्या खाटेवर फुलाफुलांचा रुमाल बांधलेली आजी. मी माझं पाठ केलेलं वाक्य बोलले. तिने माझा हात धरला, ‘किझिम’ म्हणाली, म्हणजे लेकी, आणि तातारीत बोलत सुटली. त्यातला एकच शब्द ओळखीचा वाटला: ‘बाशिम’, माझं डोकं. तिचा दुसरा हातही कपाळावर होता. मी केसपेपरवर लिहिलं, डोकं दुखतं.

मग ती म्हणाली, ‘दारू’. मी दचकले. तिने उशीखालून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि दोन बोटं दाखवली. तातारीत दारू म्हणजे औषध! औषधाच्या दुकानाला तिथे ‘दारूखाना’ म्हणतात, पाटीवर तसंच लिहिलेलं असतं. आपल्या ‘दवादारू’तली दारू तीच, फारसीतून दोन्हीकडे पोचलेली. इतक्या लांब, त्या थंडीत, आजीच्या तोंडून आपला शब्द ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पण शब्द ओळखीचा निघाला म्हणून आजार कळत नाही. वॉर्डातल्या सिस्टरने माझा कागद वाचला आणि मान हलवली. आजी ‘आव्हिर्ता’, दुखतं, असं म्हणालीच नव्हती. ‘अॅयलॅनॅ’ म्हणाली होती, गरगरतं. मग आजीचं प्रेशर आधी झोपवून मोजलं, नंतर उभं करून. आडवं असताना वरचं १३० होतं, उभं केल्यावर ९५. प्रेशरच्या एका गोळीऐवजी ती रोज दोन घेत होती. मी लिहिलेली डोकेदुखी तशीच पुढे गेली असती, तर तिला उभं करून प्रेशर मोजायचं कुणाला सुचलं असतं?

मी ‘डोकं दुखतं’ खोडून ‘चक्कर येते’ लिहिलं, आणि परतीच्या गाडीत वहीला तातारीसाठी नवं पान घातलं.

लेकरांना बाहेर डॉक्टरकीला पाठवणाऱ्या आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. फी आणि मेसची चौकशी कराल, तेव्हा तिथली भाषा आठवड्यातून किती तास शिकवतात, तेही विचारा.