समुद्र तेवढा नाही

१९२४ साली स्पेनच्या हुकूमशहाने उनामुनो या प्राध्यापक-लेखकाला फुएर्तेव्हेंतुरा बेटावर हद्दपार केले. काळा लाव्हा, उजाड माळ, भणाणता वारा आणि भोवती वाळूचे किनारे. (नावडत्या मास्तरांना कोठे धाडावे, हे सरकारांना सर्वत्र ठाऊक असते!) गृहस्थ मात्र त्या ओसाडीच्या प्रेमात पडून सुनीते लिहीत बसले.

आता तेथे लोक पैसे मोजून जातात. आमचा भाचाही जाऊन आला, आणि परवा पारनेरला उतरला तो वडिलांची सहा एकर बरड जमीन विकायला. मी त्याला आधी सुप्याजवळच्या पठारावर नेले. पवनचक्क्या गरगरत होत्या. तोंडातला शब्द वारा पळवीत होता. पायांखालचा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच. ते बेट त्याच्यापुढे पोर! मग निघोजला कुकडीचे रांजणखळगे पाहिले. पुराच्या पाण्याने गोटे फिरवून फिरवून ते कातळात कोरलेले आहेत.

"समुद्र तेवढा नाही, मामा," काठावर बसून तो म्हणाला. बराच वेळ उठेना.

"गिऱ्हाईक चारला येणार आहे," मी आठवण दिली.

"येऊ दे. बसेल थोडा."