देवमासा, डॉल्फिन आणि पिशवीतला झेंडा

२० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर अभिवादन करून आम्ही पाटोद्याचे अकरा जण आंबडव्याला गेलो आणि तिथून हर्णैला. डॉल्फिन बघायचे, असा पोरांचा हट्ट होता. आमच्यातल्या आठ जणांनी समुद्रच पाहिलेला नव्हता. मांजरा आमच्या तालुक्यात उगम पावते, पण ती गोदावरीला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे जाते. आमची माणसं दिवाळी आटोपली की कोयता घेऊन पश्चिमेला निघतात, ती साखर कारखान्यापर्यंतच. त्याच्या पुढं समुद्र आहे, हे मुकादम कशाला सांगेल?

हर्णै जवळ आलं तशी गाडीवरच्या निळ्या झेंड्यावरून कुजबुज सुरू झाली. होडीवाल्यानं नाही म्हटलं तर? कुणी खवचट बोललं तर? बायका-पोरं सोबत आहेत, एवढ्यावर वाद मिटला आणि झेंडा पिशवीत गेला. तळ्यावर घोषणा देऊन चोवीस तासही झाले नव्हते. हे लिहिताना लाज वाटते.

होडी सुवर्णदुर्गाच्या पुढं गेली. बराच वेळ नुसतं पाणी. वीस हंगाम ऊस तोडलेल्या आमच्या आत्यांनी ओंजळ तोंडाला लावली आणि थू करून म्हणाल्या, "ह्याला बाटलं म्हणायची टाप न्हाई कुणाची. आधी पिऊन दाखवा म्हणावं!"

मग ‘फुस्स’ असा आवाज झाला. राखाडी पाठी एकामागून एक वर आल्या, श्वास घेतला आणि गेल्या. होडीवाला म्हणाला, हे देवमाशाचे भाऊबंद. खरं आहे ते. दोघंही हवेत श्वास घेतात, पिलांना दूध पाजतात. म्हणजे देवमासा हा देवही नाही आणि मासाही नाही. नाव देणाऱ्यानं दिलं, आपण पिढ्यानपिढ्या घोकलं. २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर असाच एक बेचाळीस फुटी निळा देवमासा जिवंत येऊन पडला आणि मेला. नावातला देव काही त्याच्या कामी आला नाही.

हर्णैच्या उत्तरेला बाणकोटची खाडी आहे. २४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब दोनशेहून अधिक प्रतिनिधींसह मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीनं निघाले आणि दुसऱ्या दिवशी दासगावला उतरले. धरमतरच्या वाटेनं मोटारवाले ऐनवेळी नकार देतील, अशी धास्ती होती. दासगावहून सगळे महाडपर्यंत पायी गेले. त्याच रात्री मनुस्मृती जळाली. गाडी नाकारली जाईल ही धास्ती त्यांनाही होती. त्यांनी वाट बदलली. आम्ही झेंडा काढला. ह्या दोन गोष्टी एक नाहीत, आणि ‘काळ वेगळा होता’ असं म्हणून आम्हाला सुटता येणार नाही.

परतताना होडीवाल्यानं सहज विचारलं, "महाडवरून आलात ना? ह्या दिवसांत खूप लोक येतात तिकडून." पुढं काही नाही. तो इंजिनाकडे वळला.

आत्यांनी आमच्याकडं पाहिलं. "मंग काढला कशापायी?"

धक्क्याला लागेपर्यंत कुणी बोललं नाही.