आमच्या मुलांना छंद नको काय?

शाळांच्या परीक्षा आटोपल्या की शहरांतून उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. कोणी सह्याद्रीच्या दाट, ओलसर रानात पक्षी दाखवायला नेतो, कोणी चिखलदऱ्याच्या थंड हवेत दोरावरून कडा उतरायला शिकवतो, कोणी फोटोग्राफी शिकवतो, कोणी रोबोट बनवायला. आठवड्याची फी वाचली की हमालाच्या घरात तो कागद मुकाट्याने घडी घालून ठेवला जातो. आमची मुले त्या दिवसांत काय करतात? धाकट्या भावंडाला सांभाळतात, मामाच्या गावी जातात, वीटभट्टीवर आईबापाच्या हाताखाली राबतात, नाहीतर दिवसभर मोबाईलवर बोट फिरवतात. छंद हा पोट भरलेल्यांचा विषय आहे असे आपणच ठरवून टाकले आहे. हे ठरवणे बरोबर नाही, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आम्ही म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातले आठ-नऊ जण. दोन शिक्षक, एक अंगणवाडीताई, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक इलेक्ट्रिशियन दादा, एक सुतार, एक गायन पार्टीतला ढोलकीवाला आणि कॉलेजात शिकणारी दोन-तीन पोरे. गेली काही वर्षे भीमजयंतीनंतरच्या सुट्टीत आम्ही मुलांचे सात दिवसांचे निवासी शिबिर घेतो. जागा ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला असलेल्या एका गावातली. झोपायला शाळेच्या दोन खोल्या, बसायला बुद्धविहार.

खामगावहून बुलढाण्याला एसटीने गेलेल्यांना बोथ्याचा घाट ठाऊक आहे. घाटाखालचा सपाट मुलूख संपतो आणि गाडी अजिंठ्याच्या डोंगररांगेत चढू लागते. याच रानाला १९९७ साली ज्ञानगंगा अभयारण्य म्हणून दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. बिबट, अस्वल, नीलगाय, चिंकारा यांचे हे घर. टिपेश्वरच्या अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ २०१९ च्या अखेरीस इथे येऊन राहिला होता. तीन हजार किलोमीटरांहून अधिक चाललेल्या त्या वाघाला लोक ‘वॉकर’ म्हणू लागले. आत जायला परवानगी लागते, असे आम्ही मुलांना समजावत असताना एका मुलाने विचारले, "सर, त्या वाघानं कोणाची परवानगी काढली होती?" यावर आम्हाला उत्तर सुचले नाही.

जाहिरातीतल्यासारखे हिरवेगार, दमट जंगल मात्र आमच्याकडे मे महिन्यात नसते. तो ओलावा मृगाचा पाऊस पडल्यावर येतो. उन्हाळ्यात साग निष्पर्ण उभा असतो, पायाखाली पाचोळा वाजतो, बहावा तेवढा पिवळा फुललेला असतो. पहिल्या वर्षी मुले हिरमुसली. "जंगल कुठी आहे?" असे विचारू लागली. पण सुके रान पाण्याची किंमत जितकी शिकवते तितकी ओले रान शिकवत नाही. नाल्यात जिथे एक डबके उरले आहे तिथल्या ओल्या मातीवर रात्रभराची हजेरी उमटलेली असते. कोणाचे खूर, कोणाचे पंजे, कोणाची शेपटी. पक्ष्यांचा गट सकाळी वाटाड्याबरोबर परवानगी असलेल्या वाटेने जातो आणि ही हजेरी वहीत उतरवून घेतो.

आपल्या वैशाख पौर्णिमेचा आणि या पाणवठ्यांचा एक संबंध पुष्कळ समाजबांधवांना ठाऊक नसेल. महाराष्ट्रातल्या जंगलांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसून प्राणी मोजण्याची पद्धत आहे. ज्ञानगंगेतही ती होते. कारण सरळ आहे. उन्हाळ्याच्या त्या दिवसांत पाणी मोजक्याच जागी उरलेले असते आणि चांदणे लख्ख असते. तथागतांचा जन्म लुंबिनीच्या शालवनात झाला, बोधी पिंपळाखाली मिळाली, पहिले प्रवचन मृगदावात झाले आणि महापरिनिर्वाण दोन शालवृक्षांच्या मध्ये. हे आपण मुलांना पाठ करून घेतो, पण शाल, पिंपळ, हरीण यांतले एक तरी त्यांनी नीट पाहिले आहे काय, असे विचारत नाही.

आमच्या शिबिराचा नियम एकच. एक मूल, एक छंद, सात दिवस. शाळेत सगळ्याचे थोडेथोडे मिळते आणि हात कशावरच बसत नाही. म्हणून इथे मुलाने एकच गट निवडायचा. पक्षी आणि झाडे, सुतारकाम, वीज दुरुस्ती, दोर आणि गाठी, ढोलकी आणि गायन असे पाच गट. चिठ्ठी मुलाने स्वतः लिहायची, आईबापाने नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गट बदलण्याची मुभा. स्वयंपाक आणि भांडी मात्र सर्वांना, मुलगा असो की मुलगी.

सगळ्यांत जास्त बोलाचाली झाली ती दोराच्या गटावरून. बांधावरच्या घायपाताची पाने ठेचायची, खरवडायची, धुवायची आणि वाळवून पांढरे तंतू काढायचे. रसाने अंग खाजते, म्हणून हे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली चालते. मग दोन पदर एकाच दिशेने पिळायचे आणि ते एकमेकांवर उलट्या दिशेने वळायचे. दोन्ही पीळ एकमेकांना अडवून धरतात, म्हणून दोर उलगडत नाही. मुले त्यात रंगली होती. तेवढ्यात नातवाला भेटायला आलेली एक आजी विहाराच्या पायरीशी उभी राहिली आणि कडाडली, "काहून रे पोट्टेहो? या रानातून मोळ्या वाहू वाहू आमची टाळू झिजली. बाबासाहेबानं आमाले यातून काढलं, अन् तुमी पोराले परत दोर वळायले लावून राहिले?"

आजीचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. दोर वळणे, झाडू बांधणे, मेलेली ढोरे ओढणे, कातडे कमावणे, हलगी वाजवणे ही कामे जातीजातींना जन्माने वाटून दिलेली होती. त्यांत कसब होते, पण मान नव्हता आणि सुटका तर नव्हतीच. रान म्हणजे आमच्या आयाबायांना सहल नव्हती. पहाटे निघायचे, काटक्या गोळा करायच्या, नाक्यावर कोणी अडवले तर हात जोडायचे आणि मोळी विकून संध्याकाळचे पीठ आणायचे. ज्या पिढीने हे भोगले तिला रान आणि दोर दिसला की जीव घाबरा होणारच. बाबासाहेबांनी १९४८ साली घटना समितीत खेड्याबद्दल जे कठोर उद्गार काढले, ते याच जगण्याच्या अनुभवातून आलेले होते.

त्या रात्री विहारात पालकांची बैठक बसली. एक गृहस्थ म्हणाले, "यापेक्षा इंग्रजीचा क्लास घ्या." दुसरे म्हणाले, "सुतारकाम शिकून पोरगा सुतारच होणार ना?" आम्ही आमचे म्हणणे मांडले ते असे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि होऊ न शकलेल्या भाषणात बाबासाहेबांनी एक मुद्दा खणखणीतपणे मांडला आहे. जातिव्यवस्था ही नुसती कामांची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, आणि तिच्यात माणसाच्या आवडीला, कुवतीला जागाच नाही. म्हणजे त्यांचा राग दोरावर नव्हता, रंध्यावर नव्हता. "तू अमक्याच्या पोटी जन्मलास म्हणून हेच कर" या हुकमावर होता. मग ज्या मुलाने पाच चिठ्ठ्यांतून आपल्या मनाने एक उचलली, उद्या तिचा कंटाळा आला तर जो ती सोडू शकतो, तो त्या हुकमाचा गुलाम कसा? आवड निवडता येणे हीच तर आमच्या वाडवडिलांना नाकारलेली गोष्ट.

खुद्द बाबासाहेबांनी एवढ्या व्यापात उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. चित्रे काढण्याचाही त्यांना नाद होता. पुस्तकांसाठी तर राजगृह बांधले. आपण पौर्णिमेला विहारात महामंगल सुत्त म्हणतो. त्यात बहुश्रुत असणे आणि हाताला शिल्प म्हणजे कसब असणे, या दोन्हींना एकाच दमात मंगल म्हटले आहे. तोंडाने म्हणायचे आणि हाताने करायचे नाही, असे कसे चालेल?

त्या बैठकीतून दोन नियम निघाले, ते आम्ही आजवर पाळतो. शिबिरात बनलेली वस्तू विकायची नाही, कोणाच्या सेवेत वापरायची नाही, ती मुलाची. आणि प्रत्येक कसबाबरोबर त्याचा इतिहास सांगायचा, ते कोणाकडून सक्तीने करून घेतले गेले आणि त्यावर कोण पोसले गेले. आजीलाच आम्ही विनंती केली. ती दुसऱ्या दिवशी आली. मोळी कशी बांधायची, किती कोस चालायचे, उपाशी पोटी ओझे कसे वाटते, सगळे सांगितले. मुले एकदम शांत झाली. सांगता सांगता तिची नजर एका पोराच्या हातातल्या दोराकडे गेली. "असा नाही रे, उलटा पीळ दे," म्हणत तिने तो ओढून घेतला आणि बघता बघता हातभर वळून दिला.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आठवीतल्या एका मुलीने वीज दुरुस्तीच्या गटाची चिठ्ठी टाकली. बाप कापसाच्या बाजारात हमाल. "पोरीनं रात्री रानाकडे राहायचं नाही," म्हणून तो न्यायलाच आला होता. आईने मार्ग काढला. ती स्वतः दोन दिवसांची मजुरी सोडून मुलींच्या खोलीत झोपायला आली. तेव्हापासून मुलींच्या खोलीत आळीपाळीने दोन आया असतात, आणि त्यांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई शिबिराच्या खर्चातच धरतो. त्या आठवड्यात विहाराचा पंखा नुसता गुणगुणत होता, फिरत नव्हता. दादांनी मेन स्विच बंद केला आणि पंखा खाली उतरवून मुलांपुढे ठेवला. कंडेन्सर गेला आहे हे त्या मुलीने तपासून सांगितले, नवा जोडला आणि दादांनी जोडणी पाहिल्यावर पंखा फिरला. तिची आई खाली बसून वर बघत होती. आज ती मुलगी आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात आहे. सगळीच मुले अशी मार्गी लागतात असे नाही. ढोलकीच्या गटातली बहुतेक मुले वाजवणे सोडून देतात. सोडू द्या. आवडीने शिकून सोडणे हाही त्यांचा हक्क आहे.

शिबिर घ्यायला फार पैसा लागत नाही, शिस्त लागते. सकाळी त्रिसरण-पंचशील, साडेदहापर्यंत काम, दुपारी सावलीत विश्रांती, चारनंतर पुन्हा काम. मीठ-साखरेचे पाणी सतत हाताशी. रानातून काही तोडायचे नाही, कारण मोह, तेंदूपत्ता, चारोळी यांवर कडेच्या गावांतल्या गरिबांची चूल पेटते. न दिलेले घेऊ नये हे शील इथे उपयोगी पडते. साप दिसला तर मारायचा नाही, मागे सरायचे आणि मोठ्यांना सांगायचे. हे पहिले शील. सूर्य उगवण्याआधी आणि मावळल्यावर गावाबाहेर पाऊल टाकायचे नाही, कारण अस्वलाला आपली शीले ठाऊक नाहीत.

ज्वारी, तांदूळ, डाळ घराघरांतून येते. नगद पैशाचे काय, तर प्रत्येक वस्तीत चौदा एप्रिलला डीजेवर किती खर्च होतो ते आपल्याला ठाऊक आहे. एका रात्रीच्या त्या आवाजातला चौथा हिस्सा बाजूला काढला तर वस्तीतल्या मुलांचे सात दिवस निघतात. जंगलच हवे असेही नाही. नदीकाठ, शेतमळा, विहाराचे अंगण चालेल. वस्तीत एखादा सुतार, गवंडी, वायरमन, शिवणकाम करणारी ताई असतेच. त्यांना गुरुजी म्हणून बोलवा, त्यांच्यापुढे चिठ्ठ्या ठेवा आणि मुलांना विचारा, "तुला काय आवडते?" पहिल्या दिवशी पुष्कळ मुले गप्प बसतील. हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेलाच नसतो. त्यांना थोडा वेळ द्या.

जयभीम!