भरायला काय उरलं

शाळेत नोकरी होती तेव्हा भरायच्या वस्तूंना तोटा नव्हता, वेळ नव्हता. आता नगरला सावेडीच्या घरात वेळच वेळ आहे, पण वस्तू एकेक करून निघून गेल्या. या आठवड्यात जे हाती घेतलं, त्यावरून केलेली ही यादी.

सोमवार. रॉकेल.

कापडावर नक्षी उतरवायची जुनी रीत अशी. ट्रेसिंग पेपरवर नक्षी काढायची, रेघांवरून सुईने बारीक भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवून रॉकेलात कालवलेल्या निळीचा बोळा फिरवायचा. रॉकेल उडून जातं, निळीचे ठिपके राहतात. पहिल्या धुण्यात तेही जातात. एकच कागद गल्लीभर उसना फिरायचा, म्हणून चार घरांच्या उशांवर एकच मोर नाचायचा. घरोघरी गॅस आला आणि रेशनचं रॉकेल गेलं. मी आता पिवळा कार्बन घेते. त्यावर पेन्सिल दाबून फिरवावी लागते, नक्षीचा कागद लवकर फाटतो. उसना द्यायच्या लायकीचा राहत नाही.

मंगळवार. टीव्हीचं कव्हर.

घरात आलेल्या प्रत्येक यंत्राला आधी हळदकुंकू, मग कव्हर. रेडिओला, शिलाई मशीनला, टीव्हीला. कापड बहुधा मॅटी, कारण तिच्या चौकटी मोजून फुल्यांचा टाका सरळ पडतो. टीव्ही पातळ होऊन भिंतीवर गेला. रुमाल घालायला त्याला डोकंच उरलं नाही. मॅटी मात्र अजून मिळते. अर्धा मीटर आणून लाल गुलाब सुरू केला आहे. कशासाठी, ते ठरलेलं नाही. दोन पाकळ्या झाल्या आणि नळाला पाणी आलं. उठले.

बुधवार. रुखवत.

लग्न ठरलं की मावश्या, मैत्रिणी, शेजारणी सुया घेऊन बसायच्या. अभ्र्यांची जोडी, एकावर ‘गुड’, दुसऱ्यावर ‘नाईट’. क्रोशाचे रुमाल, मण्यांचं तोरण, भरलेलं ‘सुस्वागतम’. मांडलेल्या रुखवतापाशी वरपक्षाच्या बायका यायच्या आणि अभ्रा उलटा करून बघायच्या. मागे गाठ दिसते का, दोरा लांब ओढलाय का, यावरून मुलगी पारखायच्या. ती परीक्षा गेली ते फार बरं झालं. आता रुखवत भाड्याने मिळतं, बाहुल्या आणि बंगल्यासकट, आणि कार्य उरकलं की परत जातं. उलटं करून बघावं असं त्यात काही नसतं.

गुरुवार. गोमुखी.

जपमाळ झाकून ओढायची पिशवी, गाईच्या तोंडासारखी. सासूबाईंच्या गोमुखीवर साखळी टाक्यातला ॐ आहे. आतलं अस्तर विरलं होतं, ते बदललं. शेजारच्या काकू बोटात काउंटर घालून जप करतात. बटण दाबलं की आकडा पुढे सरकतो. पोथीचं बासनही या गोमुखीच्याच वाटेवर. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली, शके 1212 म्हणजे 1290 मध्ये, ते नेवासे आमच्याच जिल्ह्यातलं. इथल्या कितीतरी देवघरांत पोथी लाल बासनात बांधलेली असायची, कडेने बारीक वेल भरलेला. मोबाइलमधल्या पोथीला बासन लागत नाही.

शुक्रवार. नुसता नंबर.

कापड बाजारात दोऱ्यासाठी गेले. अँकरची लडी आठ मीटरची, सहा पदरी. त्यातले दोन पदर सोडवून ओवायचे; सहाही ओवले तर फूल बोजड होतं. काळा म्हणजे 403. पूर्वी नुसता नंबर सांगितला की दुकानदार न बघता खण ओढायचा. आता काउंटरवरच्या मुलाने विचारलं, “आजी, आरीसाठी का?” त्याच्या मागची भिंत रेशमी रिळांनी भरलेली. तेव्हा भरतकाम संपलं असं कुणी म्हणू नये. ब्लाऊजच्या पाठीवर आणि बाह्यांवर ते जोरात आहे. आरीचे क्लास चालतात, बायका त्यावर चार पैसे मिळवतात. आकडीच्या टोकाची ती सुई ताणलेल्या कापडातून दोरा वर खेचते आणि बघता बघता साखळी होते. रुखवताच्या अभ्र्याचे कुणाला पैसे मिळाले नव्हते.

शनिवार. नमुन्यांची वही.

नगरला मुलींच्या शाळा फार जुन्या. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार 1839 मध्ये इथे आल्या आणि 1862 मध्ये वारल्या तोवर मुलींना शिकवत राहिल्या. अध्यापनाचं शिक्षण घ्यायला सावित्रीबाई फुले त्यांच्याकडे आल्या होत्या. मिशनच्या मुलींच्या शाळांत अक्षरांबरोबर सुईही शिकवत. आमच्या वेळेला त्याचं कार्यानुभव झालं होतं. वहीच्या डाव्या पानावर कृती, उजव्या पानावर पॉपलीनचा चौकोन: धावदोरा, उलटी टीप, देठ टाका, साखळी, काज, गाठीचा टाका. मुली वही करायच्या, मुलगे बागेत पाणी घालायचे. आता शिकायचं ते कुणीही व्हिडिओ थांबवत थांबवत शिकतं. माझ्या नातवालाही साखळी येते. मोतीबिंदू काढला तरी सुईचं नेढं मला नीट दिसत नाही, म्हणून शाळेत जाण्याआधी दिवसभराच्या सुया तोच ओवून ठेवतो.

रविवार. बाकीचं.

चंची: पान, सुपारी, चुना, कात यांना वेगळे कप्पे, कडेला काजटाका. पानच गेलं. 
बैलाची झूल: घरी भरलेली, आरसे लावलेली. ट्रॅक्टर आले. जे बैल उरले त्यांना पोळ्याला बाजारची मखमल. 
सारीपाटाचा पट: कापडी, घरं दोऱ्याने आखलेली. खेळायला चौघं एका वेळी घरात सापडत नाहीत. 
कुंची: बारशाच्या फोटोपुरती परत आली आहे, खणाची, विकतची.

गुलाब दुपारी पुरा झाला. सून म्हणाली, “आई, याची फ्रेम करू या.” मी नको म्हटलं. भरलेलं कापड वापरायचं, धुवायचं आणि उलट्या बाजूने इस्त्री करायचं, म्हणजे टाके चपटे होत नाहीत. काचेमागे गेलं की त्याचं काम संपलं. आठवडाभर यादी करताना एक वस्तू तिच्यात आलीच नव्हती: पोळ्यांच्या डब्यातला रुमाल. तो रोज लागतो. मॅटी बेतून चारी कडा दुमडल्या आणि लाल दोऱ्यावर ओलं पांढरं फडकं घासून पाहिलं. रंग सुटला नाही.

“तुपाचे डाग पडतील, आई.”

“पडले तर धुऊ.”