कांद्याच्या पापुद्र्यातली दारं

आमच्या पारनेरकडे कांदा म्हणजे भाव, चाळ आणि ट्रॅक्टरची रांग. त्याच कांद्याने सध्या मला वेड लावलंय! नगरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत भाचीने पाकळीच्या आतला पापुद्रा चिमट्याने अलगद ओढला, काचपट्टीवर पसरला, आयोडीनचा थेंब टाकला आणि म्हणाली, "मामा, बघा ना." एकीला एक खेटलेल्या लांबट पेशी, आणि प्रत्येकीत एक पिवळट-तपकिरी ठिपका. केंद्रक! डीएनए त्यात असतो हे शाळेत घोकलेलं. पण डीएनए आत कोंडलेला आणि प्रथिनं बनतात बाहेर, मग ये-जा होते कशी? हे कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. तेव्हापासून वाचत सुटलोय.

अहो, केंद्रकाच्या दुहेरी पडद्याला दारं आहेत! एकेक दार सुमारे १२० नॅनोमीटर रुंद; एका मिलिमीटरवर आठ हजार दारं शेजारी-शेजारी बसतील. सुमारे तीस जातींची शेकडो प्रथिनं गोलाकार, आठ सारख्या भागांत रचलेली. मधल्या वाटेत प्रथिनांचे धागे मक्याच्या कणसातल्या केसांसारखे लोंबतात. पाणी, क्षार, छोटे रेणू त्यातून सहज निसटतात. साधारण ४० किलोडाल्टनपेक्षा मोठं प्रथिन मात्र अडतं.

त्याला खूण लागते. १९८४ साली संशोधकांनी एका विषाणूच्या प्रथिनातला जेमतेम सात अमिनो आम्लांचा तुकडा काढून पायरुव्हेट कायनेजला जोडला. साखर मोडण्याच्या कामातलं हे एन्झाइम एरवी केंद्रकाबाहेर राहणारं. ते निघालं थेट आत! फक्त सात! हे वाचून मी उठून घरभर फेऱ्या मारल्या.

ही खूण ओळखून इम्पोर्टिन प्रथिनं माल धरतात आणि धाग्यांतून पार होतात. आत रॅन नावाचं प्रथिन जीटीपी नावाचा छोटा रेणू घेऊन तयार. ते इम्पोर्टिनला चिकटलं की माल सुटतो. दोघं बाहेर आली की जीटीपीचं जीडीपी होतं (अर्थसंकल्पातला नव्हे!) आणि इम्पोर्टिन पुन्हा मोकळं. दारात ढकलणारं कुणीच नाही. दिशा ठरते ती आतल्या-बाहेरच्या रॅनमधल्या फरकावर. आणि एकाच दारातून सेकंदाला हजारभर रेणूंची ये-जा!

वनस्पतींतली ही ये-जा बघायला शास्त्रज्ञ काय वापरतात? कांद्याचाच पापुद्रा! पेशी मोठ्या, थर एकच, हरितद्रव्याचा अडथळा नाही. सोन्याच्या किंवा टंगस्टनच्या बारीक कणांवर जनुक माखून ते कण पापुद्र्यावर झाडतात. मग त्या जनुकापासून बनलेलं चमकणारं प्रथिन केंद्रकात गेलं की बाहेर राहिलं ते सरळ दिसतं.

पण मला सगळ्यात भावलं फायटोक्रोम बी. अंधारात हे प्रथिन केंद्रकाबाहेर असतं. लाल प्रकाश पडला की त्याचं रूप बदलतं, ते केंद्रकात शिरतं आणि कोणती जनुकं चालू, कोणती बंद, यात हात घालतं. कांदा कधी पोसायचा ते दिवसाच्या लांबीवर ठरतं, आणि झाडाला दिवस कळतो त्यात फायटोक्रोमचा वाटा असतो. म्हणजे वाफ्यातल्या रोपावर सकाळचं ऊन पडतं तेव्हा त्याची वर्दी अशी दारातून आत जाते, आणि आम्ही मोटर चालू करायला बांधावर लाइटची वाट बघत बसलेले!