अक्षराला टाकी

मेकॅनिकलच्या पोरीने अक्षरांवर लेख लिहायचा, तोही मराठी विभागात, म्हणजे जरा जास्तच झालं ना? त्यातून मी कॉन्व्हेंटवाली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या (संपादक मंडळाने घेतलंच आहे!). पण गेले दोन महिने सबमिशन आणि ओरल्सच्या मधल्या वेळात मी फक्त एकच काम करतेय, आणि ते म्हणजे माझ्या आत्यासाठी एक फॉन्ट शोधणं.

माझी आत्या अकोल्याला असते. ठेचा, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, कुरडया असं सगळं घरी करून विकते. आजवर गिऱ्हाईक म्हणजे ओळखीपाळखीचे लोक आणि पॅकिंग म्हणजे साधी पिशवी. यंदा दोन दुकानदार म्हणाले, माल ठेवतो, पण बरणीवर नीट लेबल पाहिजे. मग आत्याने धावपळ करून एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर मिळवला आणि भिशीचे पैसे लेबलांच्या छपाईसाठी बाजूला काढले. पैसे एकदाच आहेत, छपाई एकदाच होणार. नावात 'वऱ्हाडी' हा शब्द हवाच, ही तिची एकमेव अट. नावाचा दुसरा भाग इथे लिहीत नाही, नाहीतर जाहिरात म्हणून कात्री लागायची!

आमचा आतेभाऊ पुण्यात नोकरीला आहे. त्याचं म्हणणं, घरगुती मालाला 'टेक्स्चर' असलेलं अक्षर पाहिजे. म्हणजे कडा फाटलेल्या, मध्येमध्ये शाई उडालेली, जुन्या छापखान्यातल्या झिजलेल्या खिळ्यांनी छापल्यासारखी. शहरातल्या महागड्या कॉफी-चॉकलेटच्या पाकिटांवर असतं ना, तसं. मी अशा पाच फॉन्टमध्ये 'वऱ्हाडी' लिहून, प्रिंट काढून, दिवाळीत अकोल्याला घेऊन गेले.

आत्याने चष्मा लावला, पहिला कागद जवळ घेतला, लांब धरला, आणि म्हणाली, "हे काहून असं बुरशी लागल्यावानी दिसते वं?"

आतेभाऊ समजवायला लागला. आई, हे हाताने केल्यासारखं वाटतं, म्हणून. त्यावर ती म्हणाली, "हातचं हाय म्हून घान हाय काय?"

आम्ही दोघंही गप्प. कारण मुद्दा बिनतोड होता. जो आयुष्यभर मशीनचं खातो त्याला खडबडीतपणाचं कौतुक. जी बाई रोज बरण्या उकळत्या पाण्यातून काढते, उन्हात वाळवते, झाकणाखाली स्वच्छ फडकं बांधते, तिला तिच्या नावावर डाग कशाला हवेत? आणि गंमत बघा, ज्या जुन्या छपाईची आपण नक्कल करतो, त्या लोकांनाही डाग नकोच होते. निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींचं नाव झालं ते सुबक, स्वच्छ खिळ्यांसाठी. खिळा झिजला की तो वितळवून नवा ओतायचे. झिजलेलं अक्षर ही त्यांच्यासाठी स्टाइल नव्हती, ती दुरुस्तीला आलेली वस्तू होती.

मग टेक्स्चर नकोच का? मी हॉस्टेलवर परत आले आणि डोक्यात मेट्रॉलॉजी सुरू झाली. आपण ड्रॉइंगवर प्रत्येक पृष्ठभागाचा रफनेस लिहितो. बेअरिंग बसतं तिथे गुळगुळीत, हाताने पकडायच्या मुठीवर मुद्दाम नर्लिंग. ते नर्लिंग पकडीसाठी असतं, नुसतं 'छान दिसतं' म्हणून नाही. आत्याच्या घरचा पाटाही तसाच आहे. गुळगुळीत झाला की वाटण सरकतं, म्हणून त्याला टाकी लावून घ्यावी लागते. म्हणजे खडबडीतपणा वाईट नाही, त्याला काम पाहिजे. अक्षराच्या टाकीचं काम काय, एवढंच ठरवायचं होतं.

मी चाचण्या लावल्या. पहिली साधी होती, फॉन्टला 'ऱ्ह' येतो का? 'दर्या' आणि 'दऱ्या' यातला फरक आपल्याला कळतो, पण सगळ्या फॉन्टना नाही. पाचातल्या दोघांनी तो चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' काढलाच नाही. एकात रफार डोक्यावर जाऊन बसला, दुसऱ्यात पाय मोडलेला 'ऱ' आणि शेजारी सुटा 'ह'. 'वऱ्हाडी' लिहिता येत नाही तो फॉन्ट कितीही देखणा असो, आमच्या कामाचा नाही! 'ल' आणि 'श'चंही तेच. मराठी वळण आणि हिंदी वळण वेगळं, पण युनिकोडमध्ये अक्षर एकच. मराठी रूप फॉन्टमध्ये वेगळं भरलेलं असेल तरच मिळतं.

दुसरी चाचणी ठिपक्यांची. इंग्रजी अक्षरावर चार डाग जास्त पडले तर बिघडत नाही. देवनागरीत शिरोरेषेवरचा ठिपका म्हणजे अनुस्वार! 'जवस'च्या 'ज'वर शाईचा थेंब उडाला की 'जंवस'. उलट, 'खमंग'चा अनुस्वार टेक्स्चरने खाल्ला की 'खमग'. शिवाय शिरोरेषा तीन ठिकाणी तुटली की शब्द एक राहत नाही, वाळत घातलेल्या कपड्यांसारखा सुटा सुटा लोंबतो. इथे आणखी एक बाद.

तिसरी चाचणी आकाराची. बरणीवर नाव ६० मिमी रुंद, झाकणावरच्या गोल स्टिकरवर २० मिमी. म्हणजे एक तृतीयांश. स्टिकर छापणारं मशीन ३०० डीपीआयचं, म्हणजे एक ठिपका साधारण ०.०८५ मिमी. बरणीवर पाव मिमीचा ओरखडा झाकणावर ०.०८३ मिमी होतो, म्हणजे मशीनच्या एका ठिपक्यापेक्षाही लहान. तो एक तर गायब होणार, नाहीतर चिखल होणार. चौथा गेला. (सरांना सांगा, अप्लाइड मॅथ्स असं वापरतात!)

उरला एक, ब्रशवर बेतलेला. पेंटरने पाटी रंगवताना फराटा शेवटाकडे सुकत जातो, तसा फक्त दांड्याच्या टोकाला खरखरीत. शिरोरेषा सलग, पोट भरलेलं, अनुस्वार गोल आणि घट्ट. त्यात खोट एवढीच की प्रत्येक काना खाली अगदी सारखाच फाटलेला. खरा ब्रश दोनदा सारखा फाटत नाही, त्यामुळे नक्कल लगेच पकडली जाते. चांगल्या फॉन्टमध्ये एकाच अक्षराची दोन-तीन रूपं आलटून पालटून येतात, यात नव्हती. मग अक्षरं आउटलाइनमध्ये बदलून एका कान्याचं टोक मी हाताने वेगळं केलं. परवाना आधीच वाचला होता. हा ओपन फॉन्ट लायसन्सचा, म्हणजे धंद्यासाठी मोकळा. 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं लिहिलेले फुकट फॉन्ट आपण पोस्टरवर सर्रास लावतो, पण विकायच्या बरणीवर ते चालत नाहीत. बाकी सगळा मजकूर, वजन, घटक, तारीख, साध्या 'मुक्ता'मध्ये. घटक वाचताना कोणाला डोळे ताणावे लागू नयेत.

या निमित्ताने बरंच कळलं. आपल्या विंडोजमधला 'मंगल' र. कृ. जोशींनी केला. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली ती अक्षरं, जी नाटकाचा स्वभाव सांगायची, ती कमल शेडग्यांची, जे २०२० मध्ये गेले. मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून 'यात्रा वन' नावाचा फॉन्ट निघालाय. इतकी वर्षं मी मराठी अक्षर फक्त वाचायचे, तेही अडखळत. आता रेल्वे स्टेशनवर उभी राहून 'ळ'ची गाठ बघत बसते. मैत्रिणी म्हणतात, हिला सुट्टीची गरज आहे.

शेवटचा प्रिंट फोनवर न पाठवता पोस्टाने पाठवला, खऱ्या मापात, रिकाम्या बरणीला चिकटवून. आत्याचा फोन आला, "हं, हे सोच्छ हाय. पेंटरनं लिहिल्यावानी." आतेभाऊ अजून थोडा नाराज आहे, पण छपाईला त्यानेच टाकलं.

दुकानात माल खपेल का, माहीत नाही. शेजारच्या बरणीमागे मोठी कंपनी असते, आपल्यामागे भिशी. लेबल बघून माणूस बरणी एकदा उचलतो, दुसऱ्यांदा उचलतो ते चवीमुळे. तो दुसरा भाग आत्याकडे आहे, त्याची मला काळजी नाही. दोन बरण्या माझ्या रूमवर आल्यात. मेसची वांग्याची भाजी असेल त्या दिवशी चपाती घेऊन या. लेबल बघायचं आणि मग खायचं, एवढीच अट!